पाठमोऱ्या बाईचा शब्द

बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणून लोक दुसऱ्याला हसतात. जर्मनीतल्या आइनबेक गावातली सहा माणसं मात्र दर रविवारी चर्च सुटलं की गेर्डाच्या खानावळीत जमत आणि बैल जाऊन चाळीस-चाळीस वर्षं झालेल्या गोठ्यांना मोठ्या निष्ठेने झोपे लावत.

बैल म्हणजे अमेरिकेत चित्रपटांना बक्षीस देतात तो सोन्याचा बाहुला. दरवर्षी तो चुकीच्याच माणसाला मिळतो, हे जगजाहीर आहे. जग त्यावर दोन दिवस हळहळतं आणि कामाला लागतं. गेर्डाच्या खानावळीतलं भट्टीजवळचं गोल टेबल कामाला लागत नसे. दर वसंतात ते एक जुनं वर्ष काढी, त्या वर्षीचे सगळे चित्रपट खानावळीमागच्या स्किटल्सच्या, म्हणजे चेंडूने लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाच्या, खोलीत पडदा लावून बघे, महिनाभर भांडे आणि मग बिअरच्या गोल पुठ्ठ्यावर नाव लिहून नव्याने कौल देई. निकाल अमेरिकेला कळवावा असं कोणाला कधी वाटलं नाही. चूक त्यांची होती, त्यांनी येऊन विचारावं.

टेबलाचे अध्यक्ष होते वेसेनडॉर्फ मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी लॅटिन शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला आपल्याला लॅटिन येत नाही याची लाज वाटायला शिकवलं होतं. सगळ्यांना अहो-जाहो करत, स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा. "बसा बघू आता," असं ते त्याला म्हणत आणि कुत्रं बसत असे. त्यांच्या खालोखाल आवाज हाइनरचा. हा खाटीक, दुकान मुलाला दिलं होतं, पण सुरी फिरवायची सवय जिभेला राहिली होती. मग केस कापणारी रोस्विथा, शिकागोला दोन वर्षं राहून आलेला दातांचा डॉक्टर टोर्बेन, आणि स्वतः गेर्डा, जी बिअर आणता आणता मत देई.

सहावी इर्मट्राउड पोल्के. ती तीन वर्षांपूर्वी बर्लिनहून भाचीजवळ राहायला आली होती. पहिल्याच रविवारी रोस्विथाने विचारलं होतं, "काय करायचीस गं बर्लिनला?" इर्मट्राउड म्हणाली होती, "आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवलं." हाइनरने ताबडतोब टेबलाला सांगून टाकलं, की बाई टेलिफोन खात्यात होत्या. तिने ते तसंच राहू दिलं.

टेलिफोन नव्हता तो. परदेशी चित्रपटातल्या बायकांना जर्मन बोलायला लावणं हा तिचा धंदा होता. अंधाऱ्या खोलीत, ध्वनिक्षेपकापुढे उभं राहून, पडद्यावरच्या ओठांवर नजर ठेवून तिने तीस वर्षं बोलून काढली. डेलिया मॅकव्हे ही अमेरिकन नटी जर्मनीत जे काही बोलली, हसली, भांडली, ते सगळं इर्मट्राउडच्या गळ्यातून. बेकरीत पाव मागितला तरी लोक वळून बघायचे. बघायचे आणि ओळख न पटल्याने पुन्हा रांगेत तोंड करायचे. आवाज सगळ्या देशाचा आणि चेहरा कोणाचाच नाही. पुढे थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि तो आवाजही गेला. आता ती बोलली की कढईत उलथनं फिरवल्यासारखं वाटे. त्यामुळे गुपित सुरक्षित होतं, हवं त्यापेक्षा जरा जास्तच.

कारण तिला एकच हाव होती, आणि ती तिने स्वतःपाशी कबूल केलेली होती. आपण न सांगता, न मागता, कोणीतरी एकदा म्हणावं, की ते काम चांगलं होतं. डेलियाचं नव्हे, तिचं.

यंदा टेबलावर आलं ते नेमकं डेलिया हरली ते वर्ष.

त्या वर्षी बाहुला गेला होता ग्वेन ऑल्डरिजला. आंधळ्या पियानोवालीचं काम होतं ते, आणि ती सव्वादोन तास रडली होती. "रडण्याला बक्षीस द्यायचं, तर माझ्या दुकानातल्या कांदा चिरणाऱ्याला द्या," हाइनर म्हणाला. यावर कोणाचंच दुमत नव्हतं. टेबलाच्या इतिहासात प्रथमच सगळ्यांचा कौल आधीच ठरलेला होता: डेलिया मॅकव्हे, 'नदीपलीकडचं टपाल'. आणि कारणही सगळ्यांचं एकच होतं. तो खिडकीचा प्रसंग.

नदीकाठच्या लहान गावातली ही पोस्टमास्तरीण. नवऱ्याचा फोन येतो, की मी आता परत येत नाही. ती ऐकून घेते, रिसीव्हर ठेवते, खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहते. बराच वेळ. आणि मग म्हणते, "चालायचंच." एवढंच. वळते आणि चूल पेटवते.

"बघा, बघा, असं!" म्हणत हाइनर उठला. कच्च्या खिम्याचा पाव हातात तसाच. खिडकीकडे तोंड करून, आपली ऐसपैस पाठ टेबलाला दाखवत, नाजूक आवाज काढून म्हणाला, "चालायचंच." पावावरचा कांदा खाली पडला.

"तुझं 'चालायचंच' म्हणजे गिऱ्हाईक उधार मागतंय असं वाटतं," रोस्विथा म्हणाली. "अरे, त्यात राग नाही, रडणं नाही. थोडं हसू आहे. माझ्याकडे केस कापायला येतात त्या बायका अजून तस्संच म्हणतात. पोरीचं लग्न मोडलं, चालायचंच. केस जास्त कापले गेले, चालायचंच."

"केस जास्त कापले गेल्यावर काय म्हणणार बिचाऱ्या?" गेर्डा म्हणाली.

इर्मट्राउड या वेळी चष्मा पुसत होती. तो प्रसंग निघाला की तिचा चष्मा नेहमी खराब होई.

सगळं असं सुरळीत चाललं असताना टोर्बेनने घोळ घातला. "एक सुचवू का?" तो म्हणाला. "तुलना करायचीच, तर दोन्ही चित्रपट मुळातून बघू. इंग्रजीत. खाली अक्षरं येतात की. आपण आजवर ज्यांना बक्षिसं वाटली, त्यांचा खरा आवाज तरी कुठं ऐकलाय?"

 हे म्हणजे गावजेवणात मीठ कोणी टाकलं असं विचारण्यासारखं होतं.

"दातवाल्यांना कायम दुसऱ्याच्या तोंडात बघायची खोड," हाइनर म्हणाला. "आमच्या तरुणपणापासून ती जर्मनमध्ये बोलतेय. छान बोलतेय. आता मध्येच तिला इंग्रजी कशाला शिकवायची?"

"अहो, अक्षरं वाचायची तर चेहरा कधी बघायचा?" इर्मट्राउडने घाईघाईने भर घातली. "माझे तर डोळे..."

"पोल्केबाई, मी तुमच्या शेजारी बसून वाचून दाखवीन," मास्तर म्हणाले. मास्तरांची अडचण झाली होती. ज्याने जन्मभर पोरांना बजावलं की भाषांतर वाचू नका, मुळाकडे जा, त्याला आता मुळाला नाही कसं म्हणता येणार? त्यांनी हात वर केला. रोस्विथाने केला, गेर्डाने ट्रे धरलेला हात केला. ठरलं.

तो आठवडा इर्मट्राउडला वाईट गेला. कारण खिडकीपाशी डेलिया मॅकव्हे काहीच म्हणत नाही, हे त्या टेबलावर फक्त तिला ठाऊक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी तिच्या हातातल्या जर्मन संवादांच्या कागदावर त्या जागी एकच सूचना होती: श्वास. बाई पाठमोरी, ओठ दिसत नाहीत, तेव्हा नुसता श्वास सोडायचा आणि पुढच्या तुकड्याकडे वळायचं. चित्र म्हणाल तर कामासाठी काढलेली काळपट, ओरखडलेली प्रत; तिच्यात एक करडी पाठ तेवढी कळत होती. इर्मट्राउडने श्वास घेतला आणि सोडताना तोंडातून शब्द निघून गेला. दिग्दर्शक बुर्खार्ट ओरडला, "हे कोणी लिहिलंय?" कोणीच नव्हतं लिहिलं. पुन्हा घ्यायचं, तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला भूक लागली होती. "राहू दे," बुर्खार्ट म्हणाला. "पाठ आहे, कोण बघतंय." आणि जेवायला गेले सगळे. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम हे असं, जेवणाच्या घाईत बचावलेलं.

आता रविवारी ते उघडं पडणार होतं. लोक म्हणतील, आगाऊ बाई, घुसडलं मध्येच. किंवा काहीच म्हणणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

रविवारी स्किटल्सच्या खोलीचे पडदे ओढले. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत सहा माणसं, एक कुत्रा आणि लसणाचा वास. चित्रपट सुरू झाला. डेलिया मॅकव्हेने तोंड उघडलं आणि सगळे दचकले. आवाज बारीक, नाकातून येणारा, कडेला जरासा फाटलेला.

"ही कोण चिमणी?" हाइनर म्हणाला.

"तीच आहे."

"सर्दी झालीय का तिला?"

"हाइनर, गप बस. वाचू दे."

हळूहळू कान बसले. पोस्टमास्तरणीने पत्रं लावली, शेजारणीशी कुजबुजली, मास्तरांनी इर्मट्राउडच्या कानात एकेक ओळ इमानाने वाचली. आणि फोन वाजला. अंधारात खुर्च्या पुढे सरकल्याचा आवाज झाला. गेर्डा दारात ट्रे घेऊन उभी राहिली. रिसीव्हर खाली गेला. बाई खिडकीपाशी गेली, पाठमोरी झाली. सगळं टेबल श्वास रोखून शब्दाची वाट बघू लागलं.

इर्मट्राउड वाट बघत नव्हती. काय येणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिला मोकळेपणाने बघता आलं. या खोलीत बघणारी तेवढी एकटीच.

पडद्यावरच्या बाईचा हात मानेपाशी गेला. सुटलेली एक बट तिने पिनेत खोचायला घेतली. ती खोचली गेली नाही, हात तसाच राहिला. मग तिने श्वास घेतला आणि खांदे वर गेले. वर गेले ते खाली येईनात. नवऱ्याबरोबरची सगळी वर्षं त्या वर उचललेल्या खांद्यांत होती. ते खाली आले की संपलं, हे बाईला कळलेलं होतं आणि म्हणून ती ते खाली येऊ देत नव्हती. मग दमले बिचारे आणि आले खाली. ती वळली आणि तिने चूल पेटवली.

अरे देवा, इर्मट्राउडच्या मनात आलं, हिने सगळं केलं होतं. आणि मी त्याच्यावर बोलले.

दिवे लागले आणि एकच गिल्ला झाला.

"शब्द कुठंय?" हाइनर ओरडला. "माझा शब्द कुठंय?"

"तबकडी खराब असेल," गेर्डा म्हणाली.

"तबकडी ठीक आहे," टोर्बेन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. इतकं त्यालाही नको होतं. "मुळात ती काही बोलतच नाही. पाठ असली की ओठ दिसत नाहीत ना. जर्मन करताना कोणीतरी घातला तो."

हे पचायला टेबलाला एक बिअर लागली. मग हाइनरने पुठ्ठ्यावर मूठ आपटली. "म्हणजे चाळीस वर्षं मी कोणाला मानत होतो? ही अमेरिकन नुसती उभी आहे! खांबासारखी! काढा तिचं नाव. त्या रडूबाईकडेच राहू दे तो बाहुला. ती निदान रडली तरी."

"आणि जिने शब्द घातला ती?" रोस्विथा म्हणाली. "खरी नटी तर तीच की रे. त्या आवाजात म्हणाली ती. कोण गं ही बाई? नाव काय तिचं?"

"नावं छापत नसत त्यांची," मास्तर म्हणाले.

"अन्याय आहे हा! बक्षीस द्यायचं तर तिला द्या. मी देते!"

"मी पण!" हाइनर म्हणाला.

इर्मट्राउड पोल्केसमोर तिची सगळी हाव ताटात वाढून आली होती. न मागता. एक वाक्य म्हणायचं होतं, "ती मी." हाइनरने तिला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण कानात तो 'खांब' घुमत होता, आणि डेलिया मॅकव्हेला जाऊन सहा वर्षं झाली होती, तिला काही येऊन भांडता येणार नव्हतं.

"खांब?" इर्मट्राउड म्हणाली. उलथनं कढईत खणकन आपटलं. "हाइनर, डोळे दुकानात टांगून आलास का? टोर्बेन, लाव ते पुन्हा. आत्ता लाव. आणि सगळ्यांनी तोंडं मिटा."

लावलं. या वेळी ती पडद्याशेजारी उभी राहिली. "हा हात बघा. बट खोचली जात नाही, बघितलंत? आता खांदे. वर गेले. बघा, येतात का खाली? अजून नाही. रोस्विथा, मान काय हलवतेस, बघ ना! अजून नाही... आता. कळलं? तुम्ही सगळे शब्दाची वाट बघत बसलात, त्यात बाई निघून गेली."

 रोस्विथाचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला होता.

"मग ती दुसरी?" हाइनरने जरा नरमून विचारलं. "आपली जर्मन?"

"ती घाबरली," इर्मट्राउड म्हणाली. "एवढी शांतता तिला सोसली नाही. म्हणून बोलून मोकळी झाली. चांगलं बोलली असेल, पण हिच्या कामावर पाय देऊन बोलली. बक्षीस हिचं आहे. तेव्हाही हिचंच होतं."

"टेलिफोनवर जन्म गेलाय तिचा," हाइनर टोर्बेनला हळूच म्हणाला. "माणूस गप्प का आहे, हे त्या लोकांना बरोबर कळतं."

मत त्याच बैठकीत द्यायचं ठरलं, नाहीतर पुन्हा डोकी फिरली असती. पाचामुखी परमेश्वर, इथे तर मुखं सहा होती. पुठ्ठे वाटले, पेन्सिल फिरली, पुठ्ठे उलटे करून मास्तरांपुढे ठेवले. मास्तर उभे राहून वाचू लागले, वर्गात गुण वाचत तसे.

"मॅकव्हे. मॅकव्हे. मॅकव्हे, एक सी जास्त. मॅकव्हे, आणि खाली 'चुकलो'. हे श्रीयुत हाइनर. मॅकव्हे."

सहावा पुठ्ठा त्यांनी वाचला नाही. हातात धरून राहिले.

"वाचा की, मास्तर."

"शब्द घालणारी अनामिक बाई," मास्तरांनी वाचलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "मी नाही!" रोस्विथा म्हणाली. "मी बदललं, शप्पथ." हाइनरने दोन्ही हात वर केले. गेर्डाने ट्रेवरून मान हलवली.

"माझं आहे," मास्तर म्हणाले.

नियमासाठी स्वतःच्या सख्ख्या भावाला लॅटिनमध्ये नापास केलेला हा माणूस. त्यांनी चष्मा काढला. "पोल्केबाई, तुमचं सगळं पटलं मला. खांद्यांचं, हाताचं. बक्षीस त्या बाईंचंच. पण काय आहे... माझी बायको एल्फ्रीडे, तिच्या दुखण्यात डॉक्टर आम्हा दोघांना आता उपाय नाही असं सांगून निघून गेले. दवाखान्याचा तो लांब बोळ. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी जन्मभर शब्दांत राहिलेला माणूस, अहो, आणि मला एका भाषेतला एक शब्द सापडेना. ती खिडकीशी गेली. पाठमोरी. आणि म्हणाली ते. त्याच आवाजात, मुद्दाम, थेट चित्रपटातल्यासारखं. आम्हाला हसू आलं. दोघांनाही. त्या हसण्यावर आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो, आणि पुढचं सगळं वर्ष काढलं. नुसत्या खांद्यांनी माझं भागलं नसतं."

हाइनर आपल्या ग्लासात बघत होता. कुत्रं उठलं आणि मास्तरांच्या पायावर जाऊन बसलं.

"अर्थात हे नियमात बसत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला, पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या पुठ्ठ्यावर सरळ रेघ मारली. "नामांकन नसलेल्या व्यक्तीला मत. बाद. पाच मतांनी मॅकव्हे विजयी." मग पुठ्ठा खाली ठेवता ठेवता, जरा ओशाळून, म्हणाले, "ती शब्द घालणारी भेटली असती कुठे, तर नुसता हात मिळवला असता मी तिच्याशी. बाकी काही नाही."

इर्मट्राउड उठली. टेबलावरून वाकून, दोन ग्लास आणि मोहरीची वाटी ओलांडून, तिने मास्तरांपुढे हात केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

मास्तर आधी गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं, एवढं भांडून बाईने आपला उमेदवार निवडून आणलाय, अभिनंदन नको का करायला? ते नीट उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि तिचा हात घट्ट धरून रीतसर हलवला.

"अभिनंदन, पोल्केबाई! तुमची बाई जिंकली."

"हो ना, मास्तर," इर्मट्राउड म्हणाली. "जिंकली."

तिला इतका आनंद झाला होता की हात सोडायचं भानच राहिलं नाही. शेवटी मास्तरांनीच तो हळूच काढून घेतला, कारण त्यांची बिअर गरम होत होती.